८०८ घ्यायची म्हणताय? आधी एवढं बघा

१९८० च्या टीआर-८०८ या रोलँडच्या ड्रम मशीनमध्ये सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले आवाज, नाहीत. प्रत्येक आवाज सर्किटमध्ये तिथल्या तिथे तयार होतो, त्यामुळे नॉब फिरवला की किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका) लगेच बदलते. खरी मजा यातच आहे. तरी मूळ मशीन पहिल्याच फटक्यात घेऊ नका. सॉफ्टवेअर किंवा नवी प्रतिकृती घ्या आणि १६ स्टेपांवर (ठेक्याच्या १६ समान घरांवर) हात बसू द्या.

पहिला ठेका: किक १, ५, ९, १३ वर, स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर, बंद हाय-हॅट (मिटलेल्या झांजा) सगळ्या विषम स्टेपांवर. अ‍ॅक्सेंट (ठोक्यावरचा जोर) दोनच ठिकाणी द्या. सगळीकडे दिला तर तो कुठेच कळत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- किकचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) पूर्ण उघडतात. मग तिची शेपूट बेसमध्ये घुसते आणि सगळंच गढूळ होतं. डिके निम्म्यावर आणा. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून किक बारीक आहे म्हणू नका. साधारण ५० हर्ट्झचा खर्ज तिथे ऐकूच येत नाही.
- मागचं पाच पिनांचं सॉकेट मिडीचं (वाद्यं एकमेकांना जोडायच्या डिजिटल पद्धतीचं) समजतात. ते डिन सिंक आहे, म्हणजे मशीनांची लय जुळवणारी जुनी जोडणी. मिडीला जोडायला कन्व्हर्टर लागेल.
- जपानच्या बाजारासाठी बनलेलं मशीन १०० व्होल्टवर चालतं. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलंत तर जळेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आधी आणा.

पुढेमागे मूळ मशीन बघायला गेलात, तर सेलचा कप्पा उघडायला सांगा. मेमरीचे सेल गळून हिरवट-पांढरा थर साचला असेल, तर किंमत त्या हिशोबाने बोला. मॉडिफिकेशनचं नंतर बघू.