लॅबचे पीसी लिनक्सवर न्यायचे, पण कुठले?

प्रश्न: घणसोलीत आमची केमिस्ट्रीची छोटी रिसर्च लॅब आहे, सगळे पीसी विंडोज 10 वर, 11 घेतच नाहीत आणि नवे घ्यायला ग्रँटमध्ये पैसे नाहीत. सर म्हणतायत सरळ उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाका. पण एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) सॉफ्टवेअर चालेल का? आणि पोरांच्या थिसिसचं काय?

उत्तर: टाका की, फक्त सगळीकडे एकदम नको. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, शिवाय इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर, म्हणजे तुमच्या मशीन ठणठणीत असूनही बाद.

एचपीएलसीला जोडलेल्या पीसीला हातच लावू नका. वाइनवर चालेल असं कोणीतरी सांगेलच, पण वाइन लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, इन्स्ट्रुमेंटचे ड्रायव्हर नाही. तो पीसी विंडोजवरच ठेवा, नेटची वायर काढा, आणि रनचा डेटा सीएसव्हीत (कुठेही उघडणारी साधी टेबलची फाइल) काढून दुसरीकडे न्या (मूळ फाइल उडवू नका, ती बहुतेक त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते).

कॅल्क्युलेशनच्या मशीन मात्र बिनधास्त हलवा. पायथन, आर, गॉसियन (रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर) सगळं लिनक्सवर मस्त चालतं, टॉप 500 यादीतले सगळेच्या सगळे सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवरच आहेत. ओरिजिनची लिनक्स आवृत्ती नाही, ग्राफसाठी लॅबप्लॉट बघा.

खरी बोंब वर्डची. वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवर वर्डच्या जागी हेच) उघडली की टेबल सरकतात, इक्वेशन हलतात, आणि संदर्भांची यादी सांभाळणारं एंडनोट लिनक्सवर नाहीच, त्याऐवजी झोटेरो आहे. म्हणून थिसिस अर्ध्यात असलेल्याचा पीसी सबमिशन होईपर्यंत तसाच राहू दे, बाकीच्यांना आधी विंडोजवरच लिबरऑफिस आणि झोटेरो टाकून द्या, हात बसला की खालची सिस्टीम बदललेली फारशी जाणवत नाही.

उबुंटू 24.04 एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घेतलंत तर 2029 पर्यंत अपडेट मिळतात, रॅम 4 जीबीच असेल तर मिंट या दुसऱ्या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय न् प्रिंटर तपासा, प्रिंटरच जास्त छळतो. शिकायला आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, फुकट.

आणि अ‍ॅडमिन पासवर्ड, कुठे काय बसवलंय, हे लॅबच्या वहीत लिहून ठेवा, नाहीतर ज्याने सगळं केलं तो पोरगा पीएचडी घेऊन जातो आणि मागे कोणाला लॉगिनही होत नाही.