मुलाला विचारलंत का?

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा, जन्मतः कर्णबधिर, पदवीधर. ग्राफिक डिझाइन शिकला आहे, पण नोकरी टिकत नाही. त्याला ओठ वाचता येतात, म्हणून खुणांची भाषा मुद्दाम शिकवली नाही. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. तिनं समाजकार्याची पदवी घेऊन कर्णबधिरांना काम देणारी संस्था काढावी, म्हणजे भावाचीही सोय होईल. ती सीएचा हट्ट धरून बसली आहे. तिची समजूत कशी काढावी?
– एक पालक

उत्तर : काढूच नका. तिला सीएच्या अभ्यासाला लागू द्या.

मुलीला काय हवंय ते निदान 'हट्ट' म्हणून तरी पत्रात आलंय. मुलाला काय हवंय, याबद्दल अवाक्षर नाही. २४ वर्षांच्या पदवीधराची 'सोय' लावायची, तीही धाकट्या बहिणीनं स्वतःचं करिअर गुंडाळून? उद्या भावंडांचं बिनसलं, तर त्याची नोकरी जाईल आणि बहीणही.

नोकरी का टिकत नाही, हे त्याला कधी विचारलंत? मला तरी गोची ओठ वाचण्यात दिसते. आरशासमोर आवाज न काढता 'पार', 'बार', 'मार' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ओळखीच्या माणसासमोर संदर्भावरून निभावून जातं. मीटिंगमध्ये चार जण एकदम बोलू लागले किंवा साहेब खिडकीकडे पाठ करून बसले, की त्याच्या हाती काही लागत नाही आणि 'लक्ष नसतं' असा शेरा मात्र बसतो. खुणा टाळून ओठांवरच भिस्त ठेवण्याचं हे खूळ जुनंच आहे. १८८० साली इटलीत मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ऐकू येणाऱ्या मंडळींनी कर्णबधिर मुलांना फक्त बोलण्यातून शिकवायचं ठरवून टाकलं. त्याबद्दल परिषदेकडून जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, चेष्टामस्करी आहे. ती आली की दुभाषाचा उपयोग होतो आणि मुख्य म्हणजे बरोबरीची माणसं भेटतात. तो आजही शिकू शकतो, कर्णबधिर शिक्षकाकडूनच शिकावी. तुम्ही दोघांनीही शिका.

संस्थेची कल्पना वाईट नाही. पण मेणबत्त्या करून घ्यायच्या आणि देणगीदारांना फिरवून दाखवायचं, असलं काही काढू नका. देणगीतून प्रशिक्षण, दुभाषाचा खर्च भागतो. पगार कामाच्या ऑर्डरमधूनच निघायला हवेत, नाहीतर देणगी आटली की सगळे घरी. आणि चालवणार कोण? वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासून कर्णबधिरांसाठी आहे, पण १२४ वर्षांत एकही अध्यक्ष कर्णबधिर नव्हता. १९८८ मध्ये पुन्हा ऐकू येणारी व्यक्तीच नेमली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. नियामक मंडळात कर्णबधिरांचं बहुमत असावं, हेही मान्य करावं लागलं. तुमच्या संस्थेत मुलगा विश्वस्त का नको? त्याला आधीच लाभार्थी ठरवून मोकळे झालात.

तूर्त त्याला कर्णबधिरांच्या एखाद्या संघटनेत जाऊ द्या, तिथल्या डिझायनरांना भेटू द्या. संस्था काढावीशी वाटली, तर तो काढेल. हिशेबाला बहीण मदत करेल, तिला सवड असली तर. आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.