आरएनएआय करूनही प्रथिन हटत नाही, आणि फाईल परत आली आहे

देवगडच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस डोळ्यांसमोर आले. आरएनएआय (जनुकाचा संदेश दाबून टाकायची पद्धत) केलं तरी वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन शोधायच्या चाचणीत, प्रथिनाचा पट्टा तसाच, म्हणून ऑक्सिन-डिग्रॉनकडे (ऑक्सिन हे वनस्पतींचं संप्रेरक देऊन हवं ते प्रथिन नष्ट करायची पद्धत) वळायचं ठरवलंत, आणि सी. एलेगन्स या प्रयोगशाळेतल्या छोट्या कृमीचा स्ट्रेन (जनुकीय वाण) परदेशातून मागवायची फाईल कार्यालयाने शेरा मारून परत पाठवली. रत्नागिरीत असताना मी हे याच क्रमाने भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरएनएआयवर आणखी वेळ घालवू नका. त्याने एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा संदेश, जातो, आधी तयार झालेलं प्रथिन जात नाही. पंप बंद केला तरी टाकीत पाणी असेपर्यंत नळ चालूच राहतो. प्रथिन दीर्घायुषी असेल तर अळी प्रौढ झाली तरी ते पुरून उरतं. त्यात या कृमीच्या चेतापेशी आरएनएआयला फारशी दाद देत नाहीत. डिग्रॉन थेट प्रथिनावरच घाव घालतो. 2015 साली सी. एलेगन्ससाठी जी पद्धत आली, तीत 44 अमिनो आम्लांचं शेपूट प्रथिनाला जोडतात. ऑक्सिन मिळालं की टीआयआर1 हे कृमीत घातलेलं वनस्पतींचं प्रथिन ते शेपूट पकडतं आणि आपलं प्रथिन प्रोटिआसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात, जातं. अर्ध्या तासात फरक दिसू शकतो. मूळ युक्ती जपानमधली, 2009 सालची. तिथे यीस्ट आणि प्राण्यांच्या पेशींत टीआयआर1 वापरलं ते भाताचं, कारण अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचं 37 अंशांना नीट काम देत नव्हतं. कृमी 20 अंशांना वाढतात, त्यामुळे त्यांच्यात अरबिडॉप्सिसचंच चालून गेलं.

आता फाईलबद्दल. माझं सगळ्यात जास्त नुकसान प्रयोगाने नाही, एका कार्यालयाने केलं. नाव लिहीत नाही. माझ्या अर्जात ‘सूत्रकृमी’ हा शब्द होता. कोणीतरी त्याखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि पिकांवरच्या किडीचे कागद मागितले. सूत्रकृमी म्हटलं की शेतीशी संबंधित माणसाला मुळांवर गाठी करणारे कृमीच आठवणार, हे मला समजतं. पण मी खुलासा दिला, तो दुसऱ्या टेबलावर गेला. तिथून तिसऱ्या टेबलावर गेला, आणि तिथे साहेब रजेवर. तोवर पार्सल येऊन पडलं होतं. ते हातात आलं तेव्हा प्लेटच्या कडेने पांढरी बुरशी कापसासारखी फुगली होती आणि मधलं अगार (कृमी वाढवायचा जेलीसारखा थर) आक्रसून तडकलं होतं. उपाशी कृमी डाउअर नावाच्या सुप्त अवस्थेत महिनोन्महिने तग धरतात, हे खरं. पण बुरशीतून आणि सुकलेल्या अगारमधून मला एकही जिवंत कृमी मिळाला नाही. फेलोशिपची मुदत मात्र कोणासाठी थांबली नाही. आजही राग येतो, कारण त्या टेबलांपैकी एकानेही फोन उचलून ‘हा प्राणी खातो काय?’ एवढं विचारलं नाही.

म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा: मातीत मुक्त राहणारा, जिवाणू खाणारा, वनस्पती किंवा माणसावर परजीवी नसलेला कृमी. त्याखाली जनुकीय बदल काय आहे ते दोन ओळींत. 1989च्या नियमांनुसार संस्थेची जी जैवसुरक्षा समिती असते, तिची मंजुरी वरच टाचून द्या. नियमांत बदल होत असतात, त्यामुळे आपल्या समितीच्या सचिवांना विचारूनच पुढे जा. मी वकील नाही. पण माझं स्पष्ट मत असं, की टीआयआर1 असलेला स्ट्रेन देशातच मिळत असेल तर परदेशातून मागवूच नये. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) या कृमींवर कितीतरी वर्षं काम चाललंय. नम्र ईमेल लिहा. लोक देतात. समितीची परवानगी इथेही विचारून घ्या, पण निदान पार्सल बंदरावर किंवा विमानतळावर अडकत नाही.

स्ट्रेन हातात आल्यावर कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेच्या गटांत, काटकसर करू नका. ऑक्सिन न देताही थोडं प्रथिन नष्ट होतं, म्हणून शेपूट आहे पण टीआयआर1 नाही असा गट हवाच. टीआयआर1 आहे, शेपूट नाही आणि ऑक्सिन दिलंय असाही गट ठेवा, कारण ऑक्सिनचे स्वतःचे परिणाम असतात. ऑक्सिन इथेनॉलमध्ये विरघळवून घालतो, म्हणून बिगर-ऑक्सिन प्लेटमध्येही तेवढंच इथेनॉल घाला. आयएए, म्हणजे नेहमी वापरतात ते ऑक्सिन, उजेडात खराब होतं, तेव्हा प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून चार अंशांना ठेवा. ऑक्सिनचं प्रमाण एक मिलिमोलर असलं की ओपी50 या जिवाणूंची, म्हणजे कृमींच्या खाद्याची, वाढ मंदावते, मग कृमी उपाशी राहून खुजे होतात आणि आपण तो प्रथिनाचा परिणाम समजतो. जिवाणू आधी दाट करूनच पसरा.

तुम्ही विचारलंय, कृषी सेवा केंद्रातलं आंब्याची फळगळ थांबवायचं एनएए (कृत्रिम ऑक्सिन) चालेल का. रेणू म्हणून एनएए या पद्धतीत चालतं. पण त्या बाटलीत इतरही घटक असतात, आणि नर्सरीतल्या मुळं फुटायच्या पावडरीत तर बहुतांश टाल्कच. प्रयोगशाळेच्या प्रतीचं पोटॅशियम एनएए घ्या. ते पाण्यात विरघळतं, इथेनॉलचा प्रश्नही मिटतो.

आणखी एक, मे महिन्यात लाईट गेली की इन्क्युबेटर भराभर तापतो आणि 25 अंशांच्या वर अंडी कमी होत जातात. थर्माकोलचा खोका आणि जेल पॅक तयार ठेवा, पॅक प्लेटला चिकटू देऊ नका. पावसाळ्यात प्लेट ओतल्यावर एक दिवस जास्त सुकवा.

तुमचं प्रथिन कोणत्या ऊतीत आहे ते लिहायचं राहिलंय. कायिक पेशींत असेल तर ईएफटी-3 प्रमोटरवरचं (प्रमोटर म्हणजे जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) टीआयआर1 मागा, जननपेशींत असेल तर सन-1 प्रमोटरवरचं. ईमेल करायच्या आधी हे ठरवा, नाहीतर समितीपुढे दुसऱ्यांदा जावं लागेल.