‘स्वतःप्रत’ म्हणजे झेरॉक्स नव्हे
वाचकांचे प्रश्न : संविधान वर्गात शिकवताना

प्रश्न : मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवते. परिपाठात रोज म्हणून मुलांना उद्देशिका तोंडपाठ आहे, पण अर्थ विचारला की वर्ग चिडीचूप. शब्दार्थ लिहून दिले, तर तेही पाठ झाले! काय करावे?

उत्तर : शब्दार्थ बाजूला ठेवा आणि व्याकरणाने सुरुवात करा. उद्देशिका हे एकच लांबलचक वाक्य आहे, हे मुलांच्या लक्षातच आलेले नसते. दोघांत एक छापील कागद आणि पेन्सिल द्या. पहिल्या तासिकेत तीनच प्रश्न विचारा : या वाक्याचा कर्ता कोण? मुख्य क्रियापद कोणते? कोणाला?

कर्ता पहिल्याच शब्दात सापडतो : ‘आम्ही’. क्रियापदासाठी शेवटच्या ओळीपर्यंत जावे लागते : ‘अर्पण करत आहोत’. तिसऱ्या प्रश्नाला वर्ग अडतो, आणि तिथेच थांबायचे असते. उत्तर आहे ‘स्वतःप्रत’. पुष्कळ मुले हा शब्द तोडून ‘स्वतः प्रत’ असा म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर झेरॉक्सची प्रत येते. इथे ‘प्रत’ म्हणजे ‘कडे’, ‘ला’. आम्हीच आम्हाला हे संविधान देत आहोत. देणारा आणि घेणारा एकच, मध्ये राजा नाही, परकी संसद नाही. एवढे कळले की ‘सार्वभौम’ आणि ‘गणराज्य’ हे शब्द फारसे समजवावे लागत नाहीत.

दुसऱ्या तासिकेत मधला भाग घ्या. न्यायाचे तीन प्रकार, स्वातंत्र्याचे पाच, समानतेचे दोन असे मुलांनाच मोजू द्या. मग क्रियापदांकडे वळा. न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार आहे, पण बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’, म्हणजे वाढवण्याचा. हा फरक का केला असेल, असे विचारा आणि गप्प राहा. उत्तर स्वतः देण्याची घाई करू नका. दोन मिनिटांची शांतता शिक्षकालाच जास्त जड जाते.

एखादी चौकस मुलगी हमखास विचारते : वाक्यात १९४९ ची तारीख आहे, मग ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ चे कसे? ते शब्द आणि ‘एकात्मता’ ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, तारीख मात्र मूळचीच राहिली. कागदावर हे तीन शब्द वेगळ्या रंगाने अधोरेखित करायला सांगा. संविधान बदलता येते, हे मुलांना त्या रंगातून दिसते.

प्रश्न : ‘वर्गाचे संविधान’ हा उपक्रम घेतला. सहा गटांनी मिळून वीसेक नियम केले, पण सगळे दंडाचे! उशीर झाला तर पाच रुपये, बोललात तर बाकावर उभे. चुकले कुठे?

उत्तर : मुलांचे काही चुकलेले नाही. नियम म्हणजे वरच्याने खालच्याला लावलेली शिस्त, असेच त्यांनी आजवर पाहिले आहे. संविधान उलट्या दिशेने चालते. ज्याच्या हाती सत्ता, त्याला ते आधी बांधते. म्हणून सूचना बदला : ‘प्रत्येक गटाने तीन नियम करायचे. त्यांतला एक वर्गप्रमुखाला आणि एक शिक्षकाला लागू झाला पाहिजे.’ लगेच नियमांचा सूर बदलतो. ‘उत्तर चुकले तर हसायचे नाही’, ‘वही तपासून आठवड्यात परत द्यायची’ असे काहीतरी येते. आलेला नियम पाळायची तुमची तयारी नसेल, तर उपक्रम घेऊच नका. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तो मोडलात, तर मुले शिकतील ते अगदी नेमके, पण तुम्हाला नको असलेले.

आणखी एक पायरी आहे. मैदान कोणी, कधी वापरायचे याचे नियम आधी करून घ्या. ते फळ्यावर पक्के झाले की मग चिठ्ठ्या वाटा : पायाला प्लास्टर असलेला मुलगा, क्रिकेट संघाचा कप्तान, पाचवीतली मुलगी, कालच शाळेत आलेला आणि मराठी न येणारा विद्यार्थी. आपल्या चिठ्ठीतल्या माणसाला हे नियम चालतील का, ते प्रत्येकाने सांगायचे. चिठ्ठ्या आधी वाटल्या तर सगळा खेळ वाया जातो, कारण जो तो आपल्यापुरते नियम करतो. पस्तीस मिनिटांत हे सगळे मावत नाही. नियम एका दिवशी, चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : मूलभूत हक्क शिकवल्यापासून मुले म्हणतात, गृहपाठ म्हणजे वेठबिगारी आणि ‘गप्प बसा’ म्हणजे अभिव्यक्तीवर घाला. हसून सोडून द्यावे का?

उत्तर : हसा जरूर, पण सोडू नका. मुलांनी अनुच्छेद वाचून तो स्वतःला लावून पाहिला, याहून अधिक काय हवे? आता त्यांना तीन प्रश्नांची चाळणी द्या : हक्क नेमका कोणता? तो कोणाविरुद्ध आहे? त्यावर मर्यादा कोणती आणि ती कायद्याने घातली आहे का?

अनुच्छेद २३ माणसांचा अपव्यापार, वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी यांबद्दल आहे. दुसऱ्याच्या फायद्यासाठी राबवून घेणे आणि स्वतःच्या शिकण्यासाठी गणिते सोडवणे यांतला फरक मुलेच सांगतील. ‘गप्प बसा’चे प्रकरण जरा अवघड आहे, ते अवघडच ठेवा. पाळीपाळीने बोलायला लावणे म्हणजे बोलण्याचा हक्क काढून घेणे नव्हे. पण त्यानंतर त्यांना १९८६ सालचा केरळमधला खटला सांगा. तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नव्हता, शिक्षण खात्याच्या सूचना होत्या, आणि हक्कावर निर्बंध घालायचा तर कायदा लागतो. सातवीतल्या मुलाला ‘वाजवी निर्बंध’ हा शब्द व्याख्येपेक्षा या गोष्टीतून लवकर कळतो. छडीचा विषय निघालाच, तर शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ सांगून टाका : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना.

चाळणीतल्या दुसऱ्या प्रश्नावर वेळ द्या. बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, पण काही सामान्य माणसालाही बांधतात. भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद १५(२) वाचताना त्यात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख येतो. देशाच्या संविधानात तलाव कशाला, असे विचारा. मग महाड सांगा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला होता, तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. अडवणारे सरकार नव्हते, गावातली माणसे होती. ‘तलाव’ हा शब्द तिथे का आहे, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : २६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी यांत मुले दरवर्षी गोंधळतात.

उत्तर : ‘स्वीकारले’ आणि ‘लागू झाले’ हे दोन शब्द तारखांना कायमचे जोडून द्या. दोन महिने का थांबले, हेही सांगा : १९३० मध्ये २६ जानेवारी हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळला गेला होता, ती तारीख राखायची होती.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. संविधानाचा तास म्हटला की राजकारण शिरते आणि पालक तक्रार घेऊन येतात. तास नुसता वाचनाचाच ठेवावा का?

उत्तर : नको. वाद काढून टाकला तर उरते ती कलमांची यादी. वाद जुना निवडा, म्हणजे पक्षांची नावे येत नाहीत. संविधान सभेतला एक वाद या वयाला छान जमतो : राज्यव्यवस्थेचा पाया खेडे असावे की व्यक्ती? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर कडक टीका केली आणि मसुद्यात व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. बऱ्याच सदस्यांना ते रुचले नाही. पुढे ग्रामपंचायतींविषयीचा अनुच्छेद ४० मार्गदर्शक तत्त्वांत आला आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. वर्गाचे दोन भाग करा, दहा मिनिटे बोलू द्या, मग बाजू अदलाबदल करा. अदलाबदल चुकवू नका, कारण घरून आणलेले मत तिथेच सैल होते. पालकांना विषय आणि वाचायचा उतारा आदल्या आठवड्यात कळवलात, तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

प्रश्न : परीक्षेत कलमांचे क्रमांक विचारावेत का?

उत्तर : क्रमांक प्रश्नपत्रिकेतच छापा, अनुच्छेदाचा मजकूरही छापा. अनुच्छेद २४ देऊन त्याखाली दोन प्रसंग द्या : बारा वर्षांचा मुलगा फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहे, तेवढाच दुसरा मुलगा सुट्टीत आईबरोबर स्वतःच्या शेतात खुरपणी करतो. पुष्कळ मुले दोन्हीकडे ‘बालमजुरी’ लिहून मोकळी होतात. पाच गुणांपैकी एक गुण योग्य प्रसंग निवडल्याबद्दल, दोन गुण मजकुरातला नेमका शब्द (कारखाना, खाण, धोक्याचे काम) दाखवल्याबद्दल, एक गुण दुसरा प्रसंग का बसत नाही याबद्दल आणि एक गुण दाद कुठे मागायची यासाठी ठेवा. अनुच्छेद ३२ (थेट सर्वोच्च न्यायालयात दाद) याऐवजी कोणी ‘तालुक्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे’ असे लिहिले, तर तोही गुण द्या. त्या मुलाला प्रश्न कळला आहे.