दर्शनी भागाआधी आराखडा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलासाठी तू काढलेली रेखाटने मी लक्षपूर्वक पाहिली. प्रवेशद्वाराशी उभ्या केलेल्या ग्रीक धाटणीच्या चार खांबांमुळे वास्तूला भारदस्तपणा येईल, असे तू लिहिले आहेस. मला ते पटत नाही. त्या खांबांवर कसलाही भार नाही; ते काढून टाकले तरी रहिवाशाच्या येण्याजाण्यात, थांबण्यात किंवा शेजाऱ्याशी होणाऱ्या गाठीभेटीत तसूभरही फरक पडणार नाही, आणि वास्तूचा स्वभाव तर नेमका तिथेच घडतो.

नवी मुंबईतील सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत एकदा सावकाश हिंडून ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत सात-सात घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती मांडली आहेत आणि असे तीन गट मिळून आणखी मोठी मोकळी जागा तयार होते. घर पुढे गरजेप्रमाणे वाढवता यावे, म्हणून शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवलेली नाही. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे कुटुंबांच्या उत्पन्नात कितीही अंतर असले, तरी त्यांच्या वाट्याच्या जमिनीत फारशी तफावत नाही. समतेचा हा विचार कोरियांनी कमानीवर कोरला नाही, जमिनीच्या वाटणीतच मांडला, आणि म्हणूनच मला ही वसाहत फार मोलाची वाटते. मूळची उतरत्या छपरांची बरीच घरे पाडून रहिवाशांनी तिथे मजले चढवले आहेत. त्याची हळहळ करणारे अनेक भेटतील. परंतु घर मालकाबरोबर वाढावे हाच मूळ हेतू होता, हे विसरू नकोस.

वापर बदलला की अर्थही बदलतो, हे मात्र ठाण्यातच दिसेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. शत्रूला बाहेर रोखण्यासाठी उभारलेला तट आता माणसांना आत रोखून धरतो.

तेव्हा खांब तूर्त बाजूला ठेव. फाटकापासून सदनिकेच्या दारापर्यंतची वाट आधी रेखाट. पावसात भिजलेला माणूस कुठे टेकेल, मुले कोणाच्या नजरेच्या टप्प्यात खेळतील, हे तीत दाखव आणि तो कागद मला पाठव.

तुझा हितचिंतक