देवाची दिवाबत्ती कोणाच्या खर्चाने?

तुम्ही विचारलंय की ग्रीक-रोमन लोकांचे इतके देव, इतकी जुनी देवळं, तरी ख्रिस्ती एकेश्वरवाद आल्यावर ती शे-दोनशे वर्षांत कशी ओस पडली, आणि आपल्याकडे तसं का झालं नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कोकणातल्या आमच्या ग्रामदेवतेचा जमाखर्च नऊ वर्षं लिहिला आणि जोडीला वाचनाचा नाद, एवढंच भांडवल. त्यामुळे माझं उत्तर वहीच्या खर्चाच्या बाजूने येणार. ‘एक देव बुद्धीला जास्त पटतो’ हे कारण नेहमी सांगतात. मला ते फारसं पटत नाही. तेल, वाती, गुरवाचं मानधन आणि पालखीचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न एकदा अडला की देव कितीही जागृत असो, गाभाऱ्यात अंधार होतो.

रोमचा ज्यूलियन नावाचा सम्राट ख्रिस्ती घरात वाढला आणि मोठेपणी जुन्या देवांकडे परतला. त्यांना पुन्हा उभं करायचंच म्हणून कंबर कसलेला माणूस. ३६२ साली तो अँटिऑकजवळच्या (हे शहर आजच्या तुर्कस्तानात) डॅफनीला अपोलो देवाच्या वार्षिक उत्सवाला धावत गेला. वाटेत मनात चित्र रंगवत होता : बळीची जनावरं, धूप, गाणारी पथकं, पांढऱ्या कपड्यातली मुलं. पोचून बघतो तर देवळात ना धूप, ना एखादी पोळी. त्याला वाटलं, मंडळी बाहेर आपल्याच हुकमाची वाट बघत असतील. शेवटी पुजाऱ्याला विचारलं, शहर आज देवाला काय वाहणार? पुजारी म्हणाला, शहराने काही केलेलं नाही, मी घरून एक हंस आणलाय.

अँटिऑक हे साम्राज्यातलं बडं, श्रीमंत शहर. आणि देवाला पुजाऱ्याच्या घरचा हंस! हे ज्यूलियनने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे तो शहराच्या पंचमंडळींना झापतो, आणि त्यातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या बायका घरातलं सगळं उचलून ख्रिस्त्यांकडे नेतात, तुमच्याच पैशाने तिकडे गरिबांना जेवण मिळतं, असं तो म्हणतो. म्हणजे दानत आटली नव्हती, पाट दुसरीकडे वळला होता. शिवाय इसिस या इजिप्तच्या देवीची पूजा सुरू करणाऱ्याला रोमचा मुख्य देव ज्युपिटर सोडावा लागत नसे. चर्चमध्ये गेलेल्याला मात्र बाकीची सगळी देवळं सोडावी लागत. एक गिऱ्हाईक तुटलं की चार दुकानांचा धंदा बसायचा.

पुढच्याच वर्षी ज्यूलियन इराणच्या स्वारीत मेला.

मग सरकारी हात आला. ३८२ साली सम्राट ग्रेशियनने रोममधल्या पुजाऱ्यांची आणि वेस्टा देवीच्या व्रतस्थ कुमारिकांची वर्षासनं बंद केली, देवळांच्या जमिनी खजिन्यात घेतल्या. आपल्या भाषेत, इनामं खालसा. हा घाव वाटतो त्यापेक्षा खोल होता. रोमन समजुतीप्रमाणे सार्वजनिक विधी लोकांच्या वतीने व्हायचा तर तो सार्वजनिक पैशानेच व्हावा लागे. चार सरदारांनी वर्गणी काढून भागणारं ते काम नव्हतं.

दोन वर्षांनी रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने, बंद केलेला खर्च पुन्हा सुरू करा, असा सम्राटाकडे अर्ज केला. एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, हे त्याचं वाक्य आजही सगळे उद्धृत करतात. मिलानचा बिशप अँब्रोज याचं उत्तर मात्र कोणी फारसं सांगत नाही, आणि हिशेबनिसाला तेच बोचतं. देवळांनी किती कैदी पैसे भरून सोडवले, गरिबांना किती धान्य दिलं, मोजून दाखवा, असं त्याने विचारलं. सिमॅकसच्या वहीत ते पान कोरं होतं. अर्ज फेटाळला गेला.

३९२ साली सम्राट थिओडोसियसने कायदा थेट घरात आणला. घरच्या देवापुढे दिवा लावायचा नाही, धूप घालायचा नाही, हार टांगायचा नाही. सापडलात तर ते घर जप्त. अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, ते साहजिकच आहे.

पण एक देऊळ याच्यानंतरही शंभरावर वर्षं चाललं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली मला तिथे सापडते. इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईलमधल्या फिली बेटावरचं इसिसचं देऊळ. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला माहीत असलेला शेवटचा लेख तिथलाच, २४ ऑगस्ट ३९४ चा. ते टिकलं कारण तिचे भक्त सरहद्दीपलीकडेही होते, ब्लेमी आणि नोबाडी या टोळ्या. साधारण ४५३ च्या सुमारास रोमने त्यांच्याशी तह केला, त्यात एक कलमच होतं : इसिसची लाकडी मूर्ती नावेत घालून पलीकडे न्यायची, कौल घ्यायचा आणि सुखरूप परत आणायची. कट्टर ख्रिस्ती साम्राज्य, आणि तहात देवीच्या नावेची तजवीज! सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते देऊळ बंद केलं, मूर्ती राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पाठवल्या.

हे वाचताना मला गोवा आठवतो. ‘आपल्याकडे’ म्हणजे अख्खा भारत धरून बोलायची माझी छाती नाही, पण गोव्याचं सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली. कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हा पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, आदिलशाहीत होता. राजा तिथेही मूर्तिपूजक नव्हता, पण देवळाला जागा होती आणि मागोमाग आलेली महाजन कुटुंबं खर्च उचलत होती. रोमच्या देवांना ही सोय नव्हती, कारण नदीच्या दोन्ही काठांवर एकाच सम्राटाचा अंमल आणि देवाचा खर्च त्याच्याच खजिन्यातून. पोर्तुगिजांनी अंत्रुज घेतला तो अठराव्या शतकात, तोवर देवळं पाडायचा त्यांचा जोर ओसरला होता. आजही मुंबई-पुण्याहून कुलदैवताला म्हणून जी मंडळी गोव्याला जातात, त्यातली बरीचशी या नदीपलीकडच्या पत्त्यावरच जातात.