लेन्स नंतर, आधी खिडकी

प्रिय मित्रा,

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर फोटो भारी येत नाहीत म्हणून तू दिवाळीला ५० एमएमची लेन्स घेणार म्हणतोस. घे, चांगली लेन्स आहे. पण तुझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे आकारानं लहान सेन्सरवर, ती ७५-८० एमएमसारखी वागेल, चौकटीत कमी जागा मावेल. घरातल्या खोलीत चार माणसं चौकटीत बसवताना तुझी पाठ भिंतीला टेकेल.

'आपल्याकडे काढण्यासारखं आहेच काय' हे मात्र मला पटलं नाही. चाळीसगावच्या केकी मूस यांचं घर बघून ये. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाश हवा तसा पाडायचा, या टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांनी नाव कमावलं. १९८९ साली ते गेले, पण काम तिथं बघायला मिळतं.

तूही घरीच सुरुवात कर. भरताचं हिरवं वांगं घे, खिडकीशी ठेव, घरातले दिवे बंद कर. प्रकाश एका बाजूनं आला की सालीवरची चकाकी आणि गोलाई दिसायला लागते. सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा धर, सावली किती उजळते ते बघ. मग वांगं खिडकीपासून हळूहळू लांब ने. हे कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. तरी कर.

तुझ्या फोटोत कापसाचा ढीग करडा आला, त्यात लेन्सचा दोष नाही. समोर कापूस आहे की म्हैस, हे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. तो सगळंच मधल्या करड्याकडे ओढतो. म्हणून फोटो उजळ-गडद करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन कापसाला +१ दे, म्हशीला −१. नंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, बघ. आलेख उजव्या कडेला आदळला असेल तर कापसाचे तंतू गेलेच समज, थोडं कमी कर. एवढं हाताला बसलं की कॅमेरा 'पी' मोडवर, म्हणजे कॉम्पेन्सेशन देता येणाऱ्या ऑटोवर, राहिला तरी माझी हरकत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत धावत्या घोड्याला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेव. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढून फोटोत दाणे आले तर येऊ देत, हललेला घोडा घरी येऊन सुधारता येत नाही. मालकाला विचारूनच काढ, आणि फोटो पाठवतो म्हणालास तर खरंच पाठव.

वांग्याचे फोटो मला सगळे पाठव भो, निवडून नको. फसलेलेच जास्त बघायचेत.

तुझा,
काका